आत यायला मुक्त, पुढे जायला बंद!

जून-जुलै महिना आला की पुण्यातील वर्तमानपत्रांची पाने कट-ऑफच्या आकड्यांनी भरून जातात. फर्ग्युसनला किती टक्क्यांवर प्रवेश थांबला, कोणत्या कॉलेजात कोणत्या शाखेच्या किती जागा उरल्या, यावर रकानेच्या रकाने छापले जातात. विद्येचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या या शहराला ते दोन महिने दुसरे काही सुचत नाही. परंतु या सगळ्या गदारोळात एक फार मोठा वर्ग कुणाच्या खिजगणतीतही नसतो. ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी, कासेवाडी, रामटेकडी, जनता वसाहत, दांडेकर पूल या वस्त्यांमध्ये तो राहतो. त्याचे वय अठरा नाही. कुणी तिशीत आहे, कुणी चाळिशीत, काही तर पन्नाशी ओलांडलेले. बाप गेला म्हणून, लग्न लावून दिले म्हणून, कारखान्यात बदली कामगार म्हणून चिकटला म्हणून, किंवा गणितात नापास झाला आणि घरात कुणी 'पुन्हा बस' म्हटले नाही म्हणून त्याचे शिक्षण मध्येच तुटले. या माणसाला आजही शिकायचे आहे. त्याच्यासाठी कोणती यादी लागते?

आमच्या परिचयाच्या एक ताई आहेत. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण त्या महापालिकेच्या नोकरीत आहेत. दहावी पास झाल्या, अकरावीत असताना लग्न झाले. पती महापालिकेत सफाई कामगार होते. त्यांच्या निधनानंतर वारसा हक्काने ताईंच्या हाती झाडू आला. भल्या पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी, मग रस्ता, दुपारी घर. २००९ साली त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम केला. बारावी नसलेल्या प्रौढांना पदवीला बसता यावे म्हणून तो काढलेला होता. २०१३ साली ताई बी.ए. झाल्या. वस्तीत पेढे वाटले गेले, बुद्धविहारात सत्कार झाला, आम्ही स्वतः त्या सत्काराला हजर होतो.

पुढे वस्तीवर घरे पाडण्याच्या नोटिसा आल्या. वकिलाच्या पायऱ्या झिजवता झिजवता ताईंच्या मनात आले की आपणच का वकील होऊ नये? आपण पदवीधर आहोत, तीन वर्षांच्या एलएल.बी.ला पदवीच लागते. त्या शहरातल्या एका विधी महाविद्यालयात चौकशीला गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने बी.ए.ची गुणपत्रिका पाहिली आणि विचारले, "बारावीची कुठे आहे?" बारावी नाही म्हटल्यावर त्याने कागद परत केले. तो उर्मट बोलला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याने फक्त नियम सांगितला. ज्या शहरात एका आख्ख्या रस्त्याचे नाव लॉ कॉलेज रस्ता आहे, त्या शहरात ताई कागद पिशवीत घालून बसने घरी आल्या.

तो नियम कोणता, हे आपल्या समाजातील प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली विधी शिक्षणाचे नियम केले. त्यातील पाचव्या नियमात म्हटले आहे की दूरशिक्षणाने किंवा पत्रद्वारा बारावी अथवा पदवी घेतलेल्यांना कायद्याच्या प्रवेशासाठी पात्र समजावे. वाचून बरे वाटते. पण त्याच्या खालीच एक स्पष्टीकरण जोडले आहे. आवश्यक ती मूळ पात्रता नसताना, मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणार नाही! म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. ज्याची शाळा सुरळीत झाली, ज्याला बारावीपर्यंत कुणी बसवले, त्याची दूरशिक्षणाची पदवी चालते. ज्याची शाळा परिस्थितीने तोडली, ज्याच्यासाठी मुक्त विद्यापीठ मुळात काढले, नेमकी त्याचीच पदवी चालत नाही.

याला योगायोग म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी आकस होता असाही आरोप आम्ही करत नाही, कारण मनातले कुणाला दिसत नाही. नियमाचा मार कुणाच्या पाठीवर बसतो एवढे मात्र दिसते. बारावीच्या आत शाळा सोडणारा कोण असतो, हे पुण्यात कुणी कुणाला सांगायला नको.

मुक्त शिक्षण ही काही सरकारने उदार होऊन दिलेली भीक नव्हे. ही मागणी आपली आहे आणि ती याच पुण्यातून झालेली आहे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली हे आपल्या पोरासोरांना पाठ आहे. परंतु १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी आपल्या घरी शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली, याची आठवण आपण क्वचितच काढतो. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शाळेत ये म्हणणे म्हणजे त्याला येऊच नको म्हणणे आहे, हे जोतीरावांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळले होते. तेव्हा त्यांनी शाळेची वेळ बदलली.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. त्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीवर आपल्याकडे दरवर्षी भाषणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण त्याच निवेदनात उच्च शिक्षणाविषयी एक मुद्दा आहे, त्याकडे आपल्या वक्त्यांचेही लक्ष जात नाही. त्या काळी मुंबई विद्यापीठ खासगी रीतीने अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षेला, म्हणजे मॅट्रिकला, बसू देत असे. जोतीरावांनी मागणी केली की ही सवलत वरच्या परीक्षांनाही लागू करा. खासगी अभ्यास करणाऱ्यांना बी.ए., एम.ए.च्या पदव्या मिळू लागल्या तर कितीतरी तरुण त्या मार्गाला लागतील आणि विद्येचा प्रसार होईल, असे त्यांचे म्हणणे होते. कॉलेजची पायरी न चढता घरी अभ्यास करून पदवी! लंडन विद्यापीठात ही सोय १८५८ पासून होती. इकडे ती मागणारा माणूस पुण्याचा होता आणि जातीने माळी होता. मुक्त विद्यापीठाच्या इतिहासात ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे नाव हटकून घेतले जाते. ते १९६९ साली स्थापन झाले. त्याच्या ८७ वर्षे आधीचे हे निवेदन आहे. मुक्त शिक्षणाचा इतिहास लिहिताना सुरुवात येथून केली पाहिजे.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षणही सलग झाले नाही. आपण त्यांच्या पदव्यांची यादी अभिमानाने वाचतो, पण त्या यादीत मध्ये एक खंड आहे. १९१६ साली ते लंडनला गेले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. ती मुभा होती म्हणून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवता आले. शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने, असे करून ते १९२० साली पुन्हा लंडनला पोचले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. विद्यापीठाने तेव्हा 'तुमचा खंड पडला, आता जमणार नाही' म्हटले असते तर काय झाले असते?

त्या अनुभवातूनच असेल, पण बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे (स्थापना १९४५) पहिले कॉलेज, म्हणजे सिद्धार्थ कॉलेज, १९४६ साली मुंबईत काढले तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. नोकरी करणाऱ्या मुलांनी सकाळी कॉलेज करावे आणि मग कामावर जावे, अशी ती व्यवस्था होती. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ रात्रशाळा निघाली. हे वेळापत्रकाचे साधे काम दिसते, पण सिद्धार्थमधून शिकून कचेऱ्यांमध्ये, न्यायालयांमध्ये आणि साहित्यात गेलेली आपली एक पिढी त्या वेळापत्रकाने घडवली आहे. म्हणूनच की काय, देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघाले आणि १९९१ साली त्याला डॉ. बी. आर. आंबेडकरांचे नाव देण्यात आले. गुजरातने १९९४ साली अहमदाबादेत काढलेल्या मुक्त विद्यापीठालाही बाबासाहेबांचेच नाव आहे.

महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिकला स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. या विद्यापीठाने केलेले काम आम्ही नाकारत नाही. मराठीतून पदवी, मराठीतून पुस्तके, मराठीतून परीक्षा, घरात बसून स्वतः वाचता येईल अशा पद्धतीने लिहिलेले धडे, हे सारे या विद्यापीठाने केले. खेड्यापाड्यातील अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, गृहिणी, एस.टी.चे वाहक पदवीधर झाले ते याच्यामुळे. निवडणुकीच्या अर्जातील शिक्षणाचा रकाना भरण्यासाठी पदवी घेणारी पुढारी मंडळीही त्यात आहेत, पण त्यांच्यामुळे बाकीच्यांच्या कष्टाला नावे ठेवणे बरोबर नाही.

या विद्यापीठाच्या पुणे विभागीय केंद्राचा वर्षानुवर्षे पत्ता होता सदाशिव पेठ, कुमठेकर रस्ता, शाहीर अण्णा भाऊ साठे प्रशाला. हा पत्ता आम्ही जेव्हा जेव्हा पाकिटावर लिहिला तेव्हा हात क्षणभर थांबला. दीड दिवस शाळेत गेलेला वाटेगावचा माणूस, मातंग समाजात जन्मलेला, ज्याच्या कादंबऱ्यांवर आज विद्यापीठे पीएच.डी. देतात, त्याच्या नावाची शाळा सदाशिव पेठेत, आणि त्या शाळेच्या आवारात शाळा सुटलेल्या माणसांचे विद्यापीठ. पेशवाईच्या पेठेत आमच्या बायाबापड्या पदवीचे फॉर्म घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, हा बदल लहान नव्हे. तो आम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आता दुसरी बाजू. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी प्रत्यक्षात शिकतो कुठे? विद्यापीठ नाशिकला, गंगापूर धरणाजवळ. पुण्यात ठिकठिकाणच्या कॉलेजांमध्ये अभ्यासकेंद्रे. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी तेथे संपर्कसत्रे घ्यायची, तज्ज्ञ प्राध्यापकांनी शंका सोडवायच्या, गृहपाठ तपासून द्यायचे, अशी रचना आहे. रचना उत्तम आहे. ताई ज्या केंद्रावर होत्या तेथे पहिल्या रविवारी वर्गात चाळीस माणसे होती आणि प्राध्यापक वेळेवर आले होते. चौथ्या रविवारी वर्गाला कुलूप होते. शिपायाने सांगितले, "सर लग्नाला गेलेत." त्यानंतर केंद्राचा संबंध परीक्षेच्या फॉर्मपुरताच उरला. सगळीच केंद्रे अशी आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पोटतिडकीने शिकवणारे प्राध्यापकही आम्हाला भेटले आहेत आणि त्यात आपल्या समाजाचे नसलेलेही आहेत. पण ज्या केंद्राला कुलूप लागते तेथील विद्यार्थ्याची तक्रार कुणी ऐकत नाही. नियमित कॉलेजात प्राध्यापक आले नाहीत तर मुले प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसतात, संघटना मोर्चा काढते. झाडणकाम करून आलेली चाळिशीची बाई कुणाच्या केबिनमध्ये घुसणार? ती गाईड विकत घेते आणि देवपूजेच्या खोलीत नव्हे, तर मोरीच्या कडेला स्टूल टाकून वाचते.

मुक्त शिक्षण म्हणजे शिक्षकापासून मुक्त असा त्याचा अर्थ करण्यात आला आहे काय? पुस्तके टपालाने पाठवली की सरकारची जबाबदारी संपली? जोतीरावांनी रात्रशाळा काढली तेव्हा रात्री स्वतः शिकवायला उभे राहिले. त्यांनी मजुरांच्या घरी नुसती पुस्तके पाठवून दिली नव्हती.

शहरात दुसरीही एक वाट आहे. पुणे विद्यापीठाची बहिःस्थ पदवी अनेक वर्षे चालली, तिच्यावर आपल्या कितीतरी लोकांनी बी.ए., बी.कॉम. केले. आता बहिःस्थ पद्धत जाऊन तेथे स्कूल ऑफ ओपन लर्निंग आले आहे. २०१४ पासून ज्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे, त्या विद्यापीठाने आपल्या आईसारख्या विद्यार्थिनींकडे किती लक्ष दिले, हे तेथील अधिकार मंडळांवर निवडून जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी विचारायला हवे. आम्ही तरी सिनेटच्या निवडणुकीत या विषयावर कुणाचे पत्रक वाचलेले नाही.

कागदावर ही पदवी कुणापेक्षा कमी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केले आहे की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगावी लागते? कारण ती मानली जात नाही म्हणून! मुलाखतीत गुणपत्रिका पाहून "अच्छा, मुक्तमधून का?" असे विचारले जाते तेव्हा त्या एका शब्दात किती तुच्छता असते, हे भोगलेल्यालाच कळते. आपल्या लोकांना तो स्वर ओळखीचा आहे. पूर्वी आडनाव विचारून तो स्वर लागत असे.

मूळ पात्रतेचा मुद्दा न्यायालयातही गेला आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात, आधीची पदवी नसताना मुक्त पद्धतीने थेट घेतलेली एम.ए. ग्राह्य धरता येणार नाही, असा निकाल दिला. पदवी नसताना एम.ए. देऊ नये, हे समजू शकते. आयोगाच्या १९८५ च्या नियमांनाही ते धरून होते. पण त्याच १९८५ च्या नियमांनी पहिल्या पदवीसाठी वेगळी तरतूद केली होती, ती सोयीस्करपणे विसरली जाते. पूर्वी काहीच शिक्षण नसले तरी वयाची २१ वर्षे पूर्ण असलेल्या माणसाला विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन पदवीला बसता येत होते. म्हणजे थेट बी.ए. ही पळवाट नव्हती, राजमार्ग होता. सरकारने आखलेला, आयोगाने मान्य केलेला. त्या रस्त्याने चालत आलेल्या माणसाला शेवटच्या नाक्यावर अडवून 'तुम्ही चुकीच्या रस्त्याने आलात' असे सांगणे हा कोणता न्याय?

वकिलीचा दर्जा घसरू नये म्हणून हा नियम आहे, असे काही जण म्हणतील. दर्जा घसरू नये हे आम्हालाही मान्य आहे. वाईट वकिलाचा फटका श्रीमंताला बसत नाही, तो दुसरा करतो. फटका आमच्याच माणसाला बसतो. परंतु दर्जा तपासायला महाराष्ट्रात आता कायद्याची सीईटी आहे, ती सर्वांना सारखीच आहे. पुढे तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याच्या परीक्षा आहेत, सनद घेताना बार कौन्सिलची परीक्षा आहे. इतक्या चाळण्यांतून जो पार पडेल त्याला पंचवीस वर्षांपूर्वीच्या बारावीवरून अडवण्याने कोणता दर्जा राखला जातो? ताईंना सीईटीत नापास करा, आमची हरकत नाही. पण त्यांना परीक्षेला बसू द्या.

इकडे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा (२०२०) मोठा गाजावाजा चालू आहे. त्यात सर्वांनाच लवचीक शिक्षण मिळणार म्हणतात. एक वर्ष केले तर सर्टिफिकेट, दोन वर्षे केली तर डिप्लोमा, तीन केली तर पदवी, चार केली तर ऑनर्स. केव्हाही बाहेर पडा, केव्हाही परत या. मिळवलेली क्रेडिट्स ॲकॅडमिक बँकेत जमा राहतील. ऐकायला गोड आहे. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे ही क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. सात वर्षांत कोण परत येते? वर्षभर नोकरी करून पाहणारा, परदेशी जाऊन आलेला, बापाच्या धंद्यात मन न रमलेला. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन गेलेली आमची मुलगी सात वर्षांत परत येत नाही. तिची मुले तेव्हा बालवाडीत असतात. ती परत येते पोर दहावीला गेल्यावर, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांनी. तोवर तिच्या खात्यात काय उरलेले असेल? बाबासाहेब तिसऱ्याच वर्षी परतू शकले ते पगाराची नोकरी मिळाल्यामुळे आणि मदत करणारी माणसे भेटल्यामुळे. सर्वांच्या वाट्याला ते येत नाही.

आम्हाला भीती वेगळीच आहे. अनुदानित कॉलेजांमधील जागा रिकाम्या ठेवायच्या, प्राध्यापक भरायचे नाहीत, तासिका तत्त्वावर पोरांना राबवायचे, फी वाढवायची, आणि ज्याला परवडत नाही त्याला 'मुक्त विद्यापीठ आहे ना' म्हणून वाटेला लावायचे. अठरा वर्षांच्या गरीब मुलाला वर्ग, वाचनालय, मैदान, मित्र, वादविवाद यांच्यासह पूर्ण कॉलेज मिळाले पाहिजे. मुक्त विद्यापीठ त्याच्यासाठी नाही. ते चाळिशीच्या ताईंसाठी आहे. एकाच्या नावाने दुसऱ्याचा हक्क मारला जात नाही ना, यावर चळवळीने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

आणि चळवळीविषयी बोलायचे तर आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. पुणे-पिंपरी परिसरात आपली किती बुद्धविहारे आहेत! देहूरोडला १९५४ साली बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हापासून या भागात विहारे वाढतच गेली. त्यांतील किती विहारांचे दार संध्याकाळी सात ते नऊ उघडे असते? किती ठिकाणी दोन ट्यूबलाइट, चार बाकडी आणि मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांचा एक संच आहे? जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात हे सारे येते. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. ते १४ एप्रिलला व्यासपीठावर बसतात. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात चटईवर बसावे, इंग्रजीचा एक पेपर समजावून द्यावा. अभ्यासकेंद्राचे कुलूप उघडायला मोर्चा काढावा लागेल, पण विहाराची किल्ली तर आपल्याच अध्यक्षांच्या खिशात आहे!

बार कौन्सिलच्या नियमाचा प्रश्न मात्र वस्तीत सुटणारा नाही. ज्यांनी नियमाने खुल्या असलेल्या वाटेने पदवी घेतली त्यांच्यापुरती तरी ती ग्राह्य धरावी, अशी दुरुस्ती दिल्लीत मागावी लागेल. आपल्या खासदारांनी लोकसभेत हा प्रश्न विचारावा. आपल्या समाजात आज वकील थोडे नाहीत, बार असोसिएशनच्या निवडणुका लढवणारेही आहेत. त्यांनी हा विषय महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलपुढे न्यावा. अशा विद्यार्थ्यांची माहिती वस्तीवस्तीतून गोळा करण्याचे काम आम्ही करायला तयार आहोत.

तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे. घरात कुणाची दहावी झालेली असेल आणि बारावी राहिली असेल, तर पदवीच्या मागे लागण्यापूर्वी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून आधी बारावी करून घ्यावी. खासगी विद्यार्थ्यांना बसू द्या या जोतीरावांच्या म्हणण्याचाच तो अवतार आहे. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा, हरवला असेल तर शाळेत जाऊन दुसरी प्रत काढावी. फॉर्मची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते, ती चुकवू नये. मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर प्रवेश घेताना शिष्यवृत्तीची चौकशी तोंडी न करता लेखी करावी. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना फीची परतफेड आणि पुस्तकांसाठी वर्षाला १२०० रुपये असे स्पष्ट लिहिले होते, आणि आम्ही पाहिलेल्या एकाही केंद्राच्या फलकावर त्याचा उल्लेख नव्हता.

ताईंनी पदवी हातात असताना यंदा बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. मुलगी त्यांचे इंग्रजी करून घेते. आधी बी.ए. आणि मागाहून बारावी हे एलएल.बी.च्या प्रवेशाला चालेल की नाही, असे त्यांनी त्या कॉलेजला लेखी विचारले आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.